चिठ्ठीवरचा दिवस

सत्कार शनिवारी संध्याकाळी पाचला असं ठरलं, तेव्हाच जाईबाईंनी वाडीच्या मंडळाला बजावून ठेवलं होतं, "फणसाची सांदणं आमच्या घरची येतील. तुम्ही चहाचं बघा." त्यामुळे शनिवारी सकाळी मागीलदारी दोन जावा, जाईबाई आणि सोनूबाई, समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये परात, परातीवर चाळण, चाळणीवर बरक्या फणसाचे गरे, आणि दोघींच्या हातांना मनगटापर्यंत चोपडलेलं खोबरेल.

दोन घरांमध्ये दगडी गडगा घातला गेला त्याला चाळीस वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघी अशा एका परातीवर बसल्या नव्हत्या. गडगा घालताना जाईबाईंचे यजमान गंगाराम यांनी लावलेलं फणसाचं झाड धाकट्या भावाच्या, म्हणजे सोनूबाईच्या बाजूला गेलं. गंगाराम काही बोलले नाहीत. जाईबाईही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी जेवणही केलं नाही. पुढल्या मे महिन्यात सोनूबाईने त्या झाडाचा पहिला फणस गडग्यावरून जावेच्या हातात दिला. आठवड्याने तिकडून हाक आली, "अक्का, कसा निघाला?" जाईबाई म्हणाल्या, "गोड निघाला गो." तेव्हापासून दर वर्षी पहिला फणस गडग्यावरून येई, तीच हाक येई आणि तेच उत्तर जाई. बाकी बोलणं लग्नाकार्यापुरतं.

आजचं कार्य मात्र दोन्ही घरांचं होतं. सत्कार होता जाईबाईंच्या मुलाच्या, राजेंद्रच्या वेदिकाचा, आणि वाडीतली एवढी शिकलेली मुलगी एकट्या जाईबाईंची आहे असं सोनूबाई मानायला तयार नव्हती.

"पण मला एक सांग, अक्का," सोनूबाई गरा चाळणीवर घासत म्हणाली, "ही बेंगळुरूला एवढ्या मोठ्या कंपनीत आहे. कंपनी फोन विकते, काय काय विकते. ही काय विकते?"

"काय नाय विकत."

"मग पगार कसला?"

"शोधायचा."

"काय हरवलंय कंपनीचं?"

पायरीवर चहा घेऊन बसलेली वेदिका हसली. एकोणतीस वर्षांची झाली होती, पण उन्हाळ्यात घरी आली की केसांना तेल लावून आजीचा जुना झगा घालून बसायची. "धाकट्या आजी, आमचा विभागच संशोधनाचा आहे. बाकीची कंपनी आजचं विकते. आम्ही दहा वर्षांनी काय विकता येईल ते बघत बसतो. दहातल्या नऊ गोष्टींचं काहीच होत नाही."

"आणि ओरडत नाय कोण?"

"वर्षातून एकदा ओरडतात. त्याला रिव्ह्यू म्हणतात. माझा सोमवारी आहे."

सोमवारच्या त्या रिव्ह्यूबद्दल घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वेदिकाचा प्रकल्प फणसाचा होता. फणसावर बोटाने ठोकायचं, फोनने तो आवाज ऐकायचा आणि किती दिवसांनी पिकेल ते सांगायचं. कंपनीला फणसाशी काही देणंघेणं नव्हतं. ठोकून आतलं ओळखता आलं, तर जमिनीतला पाण्याचा पाइप, गाडीचा टायर, पुलाचा खांब, सगळ्यांच्या पोटातलं ओळखता येईल. फणस ही फक्त सुरुवात. वेदिकाने ती सुचवली तेव्हा तिच्या गटाच्या प्रमुख सुरय्या मॅडमनी विचारलं होतं, "फणसच का?" वेदिका म्हणाली होती, "कारण माझ्या घरी हे काम फुकट करणाऱ्या दोन बायका आहेत." प्रयोगशाळेत पहिले अकरा फणस पिकले तेव्हा त्यांचा वास एसीच्या नळ्यांतून वरच्या मजल्यावर, कंपनीच्या वकिलांपर्यंत पोचला आणि तिथून तक्रारीचं पत्र खाली आलं. ते पत्र तिने चौकट करून टेबलावर ठेवलं होतं.

मग गेल्या मे महिन्यात खरी परीक्षा इथे, वाडीत आणि आसपास झाली. एकशे चाळीस फणस, एकशे चाळीस घरं. नंबराची चिठ्ठी बांधलेला एकेक फणस तिच्या बाबांनी घरोघर दिला आणि किती दिवसांनी पिकला ते नंतर विचारून लिहून घेतलं. फोनने सांगितलेल्या दिवशीच, फार तर एक दिवस इकडेतिकडे, फणस पिकल्याचं शंभरात चौऱ्याण्णव घरांनी सांगितलं. त्या आकड्यावर एक पेपर लिहून झाला होता. त्याच आकड्यावर सोमवारी ठरायचं होतं, की प्रकल्प पुढे जाऊन वेदिका त्याची प्रमुख होणार, की प्रकल्प गुंडाळून तिला जाहिराती मोजायच्या विभागात बसवणार.

"शंभरात चौऱ्याण्णव," जाईबाई अभिमानाने म्हणाल्या. "माझे पण एवढे बरोबर येत नाहीत."

"तुझे येतात, अक्का. उगीच कशाला?" सोनूबाई म्हणाली. "आमच्याकडे गेल्या वर्षी दिलेल्या फणसाच्या चिठ्ठीवर चार दिवस होते. पिकला आठव्या दिवशी. तू ठोकला असतास तर आठ सांगितले असतेस."

वेदिकाने कप खाली ठेवला. "धाकट्या आजी, कुठल्या चिठ्ठीवर?"

"फणसाला बांधलेली ती."

"तिच्यावर नुसता नंबर होता."

"पुढून नंबर. मागून दिवस. तुझ्या बाबाच्या अक्षरात."

"आणि तुम्ही बाबांना काय सांगितलंत? किती दिवसांनी पिकला म्हणून?"

"चार," सोनूबाई म्हणाली. आणि मग, मुलीचा चेहरा बघून, जरा हळू, "चिठ्ठीवर चार होतं ना, बाय. पोरीचं यंत्र खोटं कसं पाडायचं?"

*

राजेंद्र मोहिते गुरुजी पुढच्या पडवीत भाषणाचा कागद वाचत होते. मुलीच्या सत्कारात बापाने बोलायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं, पण कोणी आग्रह केलाच तर कागद खिशात असावा.

"बाबा, चिठ्ठ्यांच्या मागे दिवस लिहिले होतेत?"

त्यांनी चष्मा काढला. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत परीक्षा घेतल्या. त्यांच्या वर्गात कॉपी झाली असं कोणी म्हणू शकत नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा ते स्वतः तपासत. त्यामुळे प्रश्न पुरा व्हायच्या आतच त्यांना कळलं, आपण काय केलं ते. वर्षभर ते कळलं कसं नाही, याचंच त्यांना नवल वाटत राहिलं.

"पहिलाच फणस मालनकडे दिला," ते म्हणाले. "दोन पोरं फणसाभोवती नाचत होती. ती म्हणाली, गुरुजी, फोडू कधी? कच्चा फोडला तर फुकट जायचा. माझ्याकडे तुझा कागद होता. त्याच्यावर लिहिलेलं होतं, सहा दिवस. आता मला ठाऊक आहे पण मी सांगणार नाही, असं तिच्या पोरांसमोर मी कसं म्हणू?"

"म्हणून सांगितलंत."

"तिला सांगितलं. मग वाटलं, एकीला सांगितलं आणि बाकीच्यांना नाही, हा पक्षपात झाला. म्हणून सगळ्यांच्या लिहून टाकले." ते थांबले. "मोठ्या अक्षरात. म्हाताऱ्यांना दिसावेत म्हणून."

वेदिकाला हसावं की रडावं कळेना. कंपनीच्या वकिलांनी प्रत्येक घराकडून सही घ्यायला चार पानी फॉर्म दिला होता. फणस खाऊन पोट बिघडलं तर काय, आवाजाचं ध्वनिमुद्रण कुणाच्या मालकीचं, विळी लागली तर कोण जबाबदार, सगळं त्यात होतं. फणस खरोखर कधी पिकला ते खरं सांगा, एवढं एक वाक्य मात्र नव्हतं. ते लिहावं लागेल असं बेंगळुरूत कुणाला सुचलंच नव्हतं. आणि तिला स्वतःला, इथे जन्मून, कसं सुचलं नाही? गुरुजींनी घरी आणून दिलेल्या फणसाबद्दल, गुरुजींच्या मुलीच्या यंत्राबद्दल, या वाडीत कोण वाईट बोललं असतं?

"म्हणजे फोन बरोबर होता की नाही, हे मला माहीतच नाही," ती म्हणाली. "मी एवढंच मोजलं, की शंभरातली चौऱ्याण्णव माणसं आपल्याला दुखवत नाहीत."

"आणि बाकीची सहा?" दाराशी उभ्या राहिलेल्या दर्शनाने, तिच्या आईने, विचारलं.

"ती चिठ्ठी हरवलेली असतील," राजेंद्र म्हणाले.

दर्शना हसली नाही. "हे बघ, आज संध्याकाळचं होऊन जाऊ दे. माणसं चिपळूणहून निघालीत. सोमवारी तुझ्या मॅडमना काय ते सांग. दोन दिवसांनी काय बिघडतं?"

"मी मंचावर जाऊन माझी चूक सांगतो," राजेंद्र म्हणाले.

"तुम्ही कागद खिशात ठेवा आणि गप्प बसा. तुम्ही आधीच पुष्कळ सांगितलंय."

तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली आणि सोनूबाईचा नातू केतन गुंडाळी खांद्यावर घेऊन उतरला. मालगुंडला त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि मंडळाचा तो चिटणीसही होता. "ताई, बघा आता," म्हणून त्याने पडवीभर फलक उलगडला. वेदिकाचा पदवीदानाचा फोटो, बाजूला एक फणस, आणि दोघांच्या डोक्यावर हाताएवढ्या उंचीचे आकडे: ९४ टक्के.

राजेंद्रनी चष्मा लावला, आकडा बघितला आणि चष्मा पुन्हा काढला.

"फणस लहान वाटतोय का?" केतनने विचारलं.

त्याला सांगितलं तेव्हा तो फलकावरच मांडी घालून बसला. "ताई, छपाई झाली. आमदारांच्या वाढदिवसाला पण मी एवढा मोठा आकडा छापला नाही. आणि आजीच्या एका फणसावरून सगळं खोटं कसं? आजीला कायच गोड लागत नाही."

"मला गोड लागत नाय?" मागून सोनूबाई कडाडली. तिचे हात अजून तेलकट होते. "अक्का, सांग ह्याला. आपल्या झाडाचा फणस दर वर्षी गोड निघतो की नाय?"

जाईबाई उंबऱ्यात थबकल्या. मग म्हणाल्या, "निघतो." आणि वेदिकाकडे न बघता आत गेल्या.

*

दुपारी सगळे आडवे झाल्यावर वेदिका मोदकपात्राजवळ आजीशेजारी येऊन बसली. सांदणांना वाफ येत होती. तिच्या हातात फोन होता. सुरय्या मॅडमना पाठवायचं वाक्य लिहून झालं होतं, पण ते तसंच पडून होतं.

"गेलं तर काय जातं?" जाईबाईंनी विचारलं.

"पेपर जातो. प्रमुख व्हायचं राहतं. बहुतेक प्रकल्पही जातो. मग जाहिराती. माणूस जाहिरातीकडे किती सेकंद बघतो, ते मोजायचं."

"तो बघतो म्हणून खोटं सांगत नाय ना?"

"नाही. तिथे सगळं खरं असतं," वेदिका म्हणाली आणि दोघींना हसू आलं.

जाईबाईंनी झाकण उघडून एक सांदण बोटाने दाबून बघितलं. त्यांना गंगाराम आठवत होते. मुंबईत गिरणीच्या रंगाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचं काम. सुट्टीत गावी आले की हातांच्या रेषांत निळा रंग राहिलेला असायचा, आणि माणसं त्यांना विचारायची, गंगाराम, तू तिथे करतोस काय? ते सांगायचे, शोध लावतो. बाटल्या धुणाऱ्याशिवाय शोध लागतो काय?

"तुझे आजोबा सांगायचे," त्या म्हणाल्या, "त्यांच्या साहेबाने एकदा रंग केला. चार महिने खपून. मोठे मालक बघायला येणार होते. आदल्या दिवशी कपडा धुतला तर सगळा फिका. आजोबांना वाटलं, आता साहेब वही फाडणार. साहेबाने वही उघडली, लिहिलं, धुतल्यावर फिका पडला. आणि खाली सही केली. रोजची असायची तशीच, वळणदार. ते मला म्हणाले होते, जाई, फिकं पडल्याखाली पण सही करतात ती माणसं. मला ते केवढं वाटलं होतं ठाऊक आहे? आपल्याकडे कोण करतं?"

"मग त्या साहेबाचं काय झालं?"

"ता नाय सांगितलं त्यांनी. मी पण विचारलं नाय."

वेदिकाने फोन उचलला आणि वाक्य पाठवून दिलं. *गेल्या वर्षीच्या चाचणीत मोठी चूक सापडली आहे. चौऱ्याण्णवचा आकडा धरू नये. कारण माझ्या बाजूचं आहे.* उत्तर दहा मिनिटांनी आलं. *सोमवारी दीड वाजता फोन कर. रिव्ह्यू दोनला आहे. तोवर जे खरं हाताशी येईल ते घेऊन ये.*

"रागावली?" जाईबाईंनी विचारलं.

"कळत नाही. तिच्या वाक्यांत कधीच कळत नाही."

*

वाडीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. फलक मध्यभागी लागला होता. केतनने शेवटपर्यंत आशा सोडली नव्हती. मंचाच्या कडेला बावीस फणस रांगेने मांडलेले होते. एकवीस अकबरभाईंनी आपल्या टेम्पोतून आणलेले, गरे वाटायला, आणि बाविसावा सोनूबाईने स्वतः काखेत घालून आणलेला, गडग्यालगतच्या झाडाचा यंदाचा पहिला. अकबरभाई मालगुंडचे फळांचे व्यापारी. तरुणपणी दुबईत होते, आता त्यांचा मुलगा फैझान तिकडे आहे.

वंदना झाली. सगळ्यांनी हात जोडून त्रिसरण आणि पंचशील म्हटलं. अध्यक्षांनी शाल घातली, फुलं दिली, संविधानाची प्रत दिली. मग वेदिका बोलायला उभी राहिली, आणि मालनच्या पोरांनी लगेच टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या थांबवा," ती म्हणाली. "आधी मला तुमची मदत हवी. गेल्या वर्षी ज्यांना फणस दिले, त्यांतल्या ज्यांचा फणस चिठ्ठीवरच्या दिवशी पिकला नाही, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. माणसं एकमेकांकडे बघून प्रेमाने हसली.

"मी रागावणार नाही."

"पोरी, तुझं यंत्र एकदम बरोबर होतं!" मागून कोणीतरी ओरडलं. पुन्हा टाळ्या.

दर्शनाने पहिल्या रांगेतून मुलीचा चेहरा पाहिला. दहावीच्या निकालाच्या दिवशीही इतका पांढरा नव्हता. सकाळपासून आपण चुकीच्या बाजूला उभ्या आहोत, हे तिला तेव्हा जाणवलं. ती वळली आणि शेजारी बसलेल्या सासूला कोपराने ढोसलं. "आई, उठा. तुमचंच ऐकतील."

जाईबाई उठल्या. माइक त्यांनी घेतला नाही. "पंधरा मिनिटं पण झाली नाहीत," त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी मिळून चौथं शील म्हटलं. खोटं बोलणार नाही. मी पण म्हटलं. ता फणसाला लागू नाय, असं आपण धरून चाललोय काय?"

मग सोनूबाईचा हात वर गेला, तेलाने अजून चकाकणारा. "माझा आठव्या दिवशी. चिठ्ठीवर चार."

"माझ्या चिठ्ठीवर सहा होतं," मालन उभी राहिली. तिने गुरुजींकडे बघून पदर सारखा केला. "सहाव्या दिवशी फोडला तर कच्चा. मी भाजी केली, गुरुजी. भाजी चांगली झाली."

"आमचा दुसऱ्याच दिवशी फुटला, मुंग्या लागल्या!"

"आम्ही फोडलाच नाय, पाव्हण्यांना दिला!"

अकबरभाईंनीही हात वर केला. "माझा तर धंदा फणसाचा. फोन म्हणाला पाच, मी ठोकलं तर दोन. दुसऱ्या दिवशी विकला. पण मास्तरांना पाच सांगितलं. मास्तर माझ्या फैझानचे गुरुजी. त्यांना चूक कसं म्हणायचं?"

आता हात इतके वर गेले, की वेदिकाने मोजायचं सोडून दिलं. आणि चमत्कार असा, की सभागृहात कोणालाही वाईट वाटलं नव्हतं. वर्षभर पोटात ठेवलेलं सांगायला मिळाल्यासारखी माणसं बोलत सुटली होती. राजेंद्र उठले, खिशातला कागद काढला, तो न वाचताच पुन्हा ठेवला आणि म्हणाले, "चिठ्ठ्या मी लिहिल्या. ही माझ्या आयुष्यातली पहिली कॉपी. ती मीच पुरवली." त्यांना त्या संध्याकाळच्या सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या.

"एवढे फणस आहेतच," दर्शना म्हणाली. ती पदर खोचून मंचाकडे निघाली होती. "आत्ताच घ्या की परीक्षा. फोनचं उत्तर पाकिटात. म्हाताऱ्यांचं उत्तर पाकिटात. मग फोडा. आणि ह्यांना," तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं, "बाहेर चहा वाटायला पाठवा."

तसंच झालं. आज फोडण्याजोगा, की नाही, एवढंच सांगायचं होतं. वेदिकाने ठोकून ठोकून फोनला ऐकवलं. मग दोघी जावा आपापल्या बाजूने रांगेत निघाल्या, एकमेकींकडे पाठ करून, परीक्षेला बसलेल्या मुलींसारख्या. वेदिका त्यांच्याकडे बघत होती, आणि तिसऱ्या-चौथ्या फणसाशी तिच्या लक्षात आलं, की ती आजीच्या उजव्या हाताकडे जन्मभर बघत आली आणि डाव्या हाताकडे कधीच नाही. उजव्या बोटांनी ठोकताना डावा तळवा फणसाच्या पलीकडच्या अंगाला टेकलेला होता. सोनूबाईचाही.

"आजी, हा हात कशाला?"

"कुठला?" जाईबाईंनी आपल्याच हाताकडे पाहिलं. "तो असाच असतो."

"उचलून ठोक बघू."

जाईबाईंनी ठोकलं. पुन्हा ठोकलं. "नाय गो कळत," त्या चकित होऊन म्हणाल्या. "बहिरं झाल्यासारखं वाटतं."

वेदिकाने शाल काढून बाजूला ठेवली आणि जमिनीवरच बसून लिहायला सुरुवात केली. आपण दोन वर्षं फोनला नुसतं ऐकायला शिकवत होतो. आवाज अर्धाच होता. उरलेलं तळव्यात पोचत होतं.

पाकिटं फुटली, फणस फुटले. एकवीसपैकी फोनचे बारा बरोबर. जाईबाईंचे एकोणीस. सोनूबाईचे एकोणीस. बाविसाव्याला, गडग्यावरच्याला, फोन म्हणाला होता आज. दोघी जावांच्या पाकिटांत मात्र 'नाही'च्या पुढे, न ठरवता, एकच निघालं होतं: सोमवार. म्हणून तो फोडला नाही. केतनने खुर्चीवर चढून ९४ वर कागद चिकटवला, मार्करने मोठ्या अक्षरांत २१ पैकी १२ लिहिलं, आणि उतरून लांबून बघत म्हणाला, "आता फणस मोठा वाटतो."

*

सोमवारी दीड वाजता वेदिका पडवीत फोन घेऊन बसली. मागीलदारी बाविसावा फणस गोणपाटावर ठेवलेला होता, आणि त्याच्याभोवती सगळं घर. सगळ्यांचे कान पडवीकडे होते.

फोन वीस मिनिटं चालला. त्यात वेदिकाच जास्त बोलली. चिठ्ठ्या, मालनची भाजी, एकवीसपैकी बारा, डावा तळवा. मग बराच वेळ ती नुसतं "हो" म्हणत राहिली. मग रिव्ह्यू झाला. तोही त्यांनी भिंतीआडून ऐकला, त्यातलं काही कळलं नाही. साडेतीनला ती मागीलदारी आली.

"पेपर मागे घ्यायचा," ती म्हणाली. "प्रमुख वगैरे काही नाही. पुढे विकायला पाठवणार नाहीत."

राजेंद्रनी मान खाली घातली.

"पण प्रकल्प बंद नाही. एक वर्ष दिलंय. रिव्ह्यू घेणारे साहेब म्हणाले, फोन हरला त्याचं काही नाही, तो कुठे हरला ते या मुलीला कळलंय. आणि सुरय्या मॅडम पुढच्या मे महिन्यात स्वतः येणार आहेत. म्हणाल्या, पुन्हा चौऱ्याण्णव आणलं असतंस तर मी एकदा तरी शंका घेतली असती. एकवीसपैकी बारा कोणी बनवून आणत नाही. त्यांना दोन्ही आजींचे हात बघायचेत."

"हातांत काय बघायचंय?" सोनूबाई पदराला हात पुसू लागली.

"आणि एक अट घातलीय. बाबांनी चिठ्ठ्यांना हात लावायचा नाही."

दर्शना इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. शेवटी राजेंद्रही हसले.

"चला, आता सोमवार आहे," केतन म्हणाला आणि त्याने कोयता चालवला. फणस फुटला. वास अंगणभर पसरला. कापा फणस, पिवळेधमक गरे. सोनूबाईने पहिला गरा काढून जावेपुढे धरला, चाळीस वर्षं गडग्यावरून फणस धरत होती तसाच.

जाईबाईंनी तो घेतला नाही. "सोने, थांब. आधी मला सांगू दे. पहिल्या वर्षीचा तुझा फणस पांचट होता. पाण्यासारखा. मी गोड म्हटलं. मग दर वर्षी तू देत गेलीस, आणि मी न फोडता म्हशीपुढे टाकत गेले. तोंडात कधी घातलाच नाय."

सोनूबाईचा हात तसाच राहिला. "चाळीस वर्षं?"

"चाळीस."

"म्हशीला?"

"म्हशीला आवडायचा."

सोनूबाईने गरा जाईबाईंच्या ओठांशी नेला. "आता खा. आणि खरं सांग. चौथं शील."

जाईबाईंनी गरा तोंडात घातला. चावला. थांबल्या. पुन्हा चावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळे वाट बघत असताना त्या हळूच म्हणाल्या, "गोड आहे गो."

"खोटं!" सोनूबाई म्हणाली.

"नाय गो, खरंच. साखर आहे नुसती."

"दर वर्षी हेच बोलतेस!"

"सोने, आईशपथ गोड आहे!"

कोणाचाही विश्वास बसेना. शेवटी वेदिकाने वही उघडली, दुसरा गरा सोनूबाईच्या हातात दिला आणि म्हणाली, "धाकट्या आजी, तुम्ही खा. पण आजीकडे बघू नका."